कपाटवाल्या मगरीचं काय करायचं?

पत्राचा गोषवारा : पत्र एका आईचं आहे. मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. वर्षभर तो एकाच जातीची पुस्तकं वाचतोय : प्राणी सुपरहीरो असलेली विनोदी कॉमिक्स. झगा घालून उडणारे कुत्रे, पँटवर चड्डी चढवून जग वाचवणारे उंदीर, शी-शूचे विनोद, पानभर धडामधूम. तीच पुस्तकं वीस-वीस वेळा वाचतो आणि एकटाच खिदळतो. थोरली बहीण या वयात जाडजूड गोष्टीची पुस्तकं संपवायची. वर्गशिक्षिकेने "आता खऱ्या पुस्तकांकडे वळवा" असं सुचवलं. आजोबांचं म्हणणं, गोष्टीत बोध हवा, ही चित्रं पोराला बिघडवतायत. शेवटी आईने सगळी कॉमिक्स कपाटाच्या वरच्या खणात लपवली आणि "देऊन टाकली" असं सांगितलं. याला तीन आठवडे झाले. मुलगा दुसरं पुस्तक हातात घेत नाही, पण वहीत स्वतःचं कॉमिक काढतोय आणि वही उघडीच टाकून जातो. त्यात 'सुपर चिचुंद्री' ही नायिका आहे. वास ही तिची शक्ती, आंघोळ केली की शक्ती जाते. खलनायिका आहे 'कपाटवाली मगर'. ती पुस्तकं गिळते आणि दर घासाला म्हणते, "तुझ्या भल्यासाठीच!" मगरीला चष्मा आहे. आईलाही आहे. पुस्तकं परत दिली तर मुलगा जिंकला असं होईल का, की नणंद म्हणते तसं 'एक खरं पुस्तक वाच, मग एक कॉमिक' असा सौदा करावा, हा आईचा प्रश्न.

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी दोनदा मोठ्याने हसले आणि दोन्ही वेळा मला अपराधी वाटलं, कारण तुम्ही ते रडवेल्या मनाने लिहिलंय हे कळत होतं. पण चिचुंद्री! साडेआठ वर्षांच्या मुलाने नायिका निवडायची म्हटल्यावर सिंहीण घेतली नाही, घार घेतली नाही. जिला पाहून मोठी माणसं खुर्चीवर चढतात, तिला त्याने झगा शिवला. शक्ती दिली ती वासाची, आणि तीही हवेतून काढलेली नाही. चिचुंद्रीच्या कुशीला खरोखरच गंधग्रंथी असतात. त्या उग्र वासामुळे मांजराने तिला पकडलं तरी ते सहसा खात नाही. आणि ज्या वासावर ती जिंकते तोच आंघोळीने धुऊन जातो. नायकाचं बळ आणि त्याचं मर्म एकाच गोष्टीत बसवायला भल्याभल्या लेखकांना घाम फुटतो.

आता मगर. ती तुम्हाला लागली, हे साहजिकच आहे. पण तिचं नाव पुन्हा एकदा वाचा. पुस्तकखाऊ मगर नाही, चष्मेवाली मगर नाही. कपाटवाली मगर. ताई, पुस्तकं कुठे आहेत हे त्याला ठाऊक आहे.

बहुधा पहिल्या आठवड्यापासूनच ठाऊक असावं. तरी त्याने स्टुलावर चढून ती काढली नाहीत, तुम्हाला चारचौघांत खोटं पाडलं नाही. त्याने वहीत लिहिलं आणि वही तुमच्या नजरेला पडेल अशी ठेवली. शिवाय मगरीच्या तोंडी घातलेलं वाक्य बघा. 'मला पुस्तकं चविष्ट लागतात' असं ती म्हणत नाही. तुम्ही हे का केलंत ते त्याला कळलंय, फक्त पटलेलं नाही. एवढा मजकूर संवादाच्या एका फुग्यात मावलाय, आणि आपण इथे विचारतोय की कॉमिक वाचून मुलाच्या डोक्यात काय शिरतं!

म्हणून पुस्तकं परत द्यावीत की नाही याच्या आधी दुसरं एक काम आहे. खोटं मागे घ्यायचं. सोपं आहे, फक्त घशाखाली उतरत नाही. "मी पुस्तकं कुणाला दिली नव्हती. लपवली होती, आणि तुला खोटं सांगितलं. चुकलं माझं." इथे थांबायचं. 'पण तूसुद्धा' हे शब्द जिभेवर आले तर गिळून टाका, मगरीसारखे. तो जिंकला असं होईल का, हे तुम्ही विचारलंत. कुस्ती चालू आहे असं धरलं तर हो, होईल. पण मला तुमच्या पत्रात कुस्ती दिसत नाही. एक आई दिसते जिला काळजी वाटतेय, आणि एक मुलगा दिसतो ज्याच्याकडे हसायची वस्तू उरलेली नाही. सगळी पुस्तकं एकदम द्या. सुट्टीला दोन, वाढदिवसाला तीन असे हप्ते पाडू नका.

आता तुमच्या काळजीकडे येते. ती खोटी नाही, पण तिच्या पोटात तीन-चार गृहीतकं बसली आहेत. त्यांना एकेक करून उजेडात आणू.

पहिलं म्हणजे 'खरी पुस्तकं'. मी बालवाचनालयाच्या टेबलामागे बरीच वर्षं काढली आहेत आणि हा शब्द शेकडो वेळा ऐकलाय. पाठीमागे हेच म्हणायचं असतं की चित्रं असली की वाचन हलकं. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अहरेन्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८८ साली वेगवेगळ्या मजकुरांतल्या दर हजार शब्दांमागे कमी वापरातले शब्द किती, ते मोजलं. मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१ निघाले. कॉमिक्समध्ये सुमारे ५३. कॉलेज शिकलेल्या मोठ्यांच्या मित्रांशी चालणाऱ्या गप्पांत फक्त १७ च्या आसपास. हा आकडा शिक्षिकेच्या टेबलावर आपटू नका. कॉमिकमध्ये एकूण शब्दच कमी असतात, ती मोजणी इंग्रजीतल्या जुन्या कॉमिक्सची होती, आणि तुमच्या मुलाच्या खणातल्या प्रत्येक पुस्तकाला ती लागू पडेलच असं नाही. पण कॉमिक म्हणजे पातळ भाषा, हा समज मात्र त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

शब्दांपेक्षाही मला चौकटींमधली ती पांढरी पट्टी महत्त्वाची वाटते. एका चौकटीत मांजर हातोडा उगारतं. पुढच्या चौकटीत तेच मांजर डोक्यापासून शेपटीपर्यंत बँडेजात गुंडाळलेलं. मध्ये काय घडलं ते चित्रकाराने काढलेलंच नाही. ते तुमच्या मुलाने काढलं, डोक्यात, डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि म्हणून त्याला हसू आलं. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्सच्या कलेवर एक अख्खं पुस्तक कॉमिकच्याच रूपात लिहिलं. त्यात त्याने म्हटलंय की कॉमिक्सची खरी जादू या मोकळ्या जागेत असते, कारण तिथे वाचक लेखकाचा भागीदार होतो. परीक्षेत 'उताऱ्यात न सांगितलेली गोष्ट ओळखा' असा प्रश्न येतो ना, तेच काम तो दर पानाला सहा-सात वेळा करतोय. (त्या पट्टीला इंग्रजीत गटर म्हणतात. हे आजोबांना एवढ्यात सांगू नका.)

दुसरं गृहीतक : विनोद म्हणजे टाइमपास. हा प्रकार मुळात विडंबनाचा आहे हे लक्षात घ्या. सुपरमॅन १९३८ साली छापून आला आणि चारच वर्षांत, १९४२ मध्ये, त्याच्यासारखा झगा घातलेला उंदीर कार्टूनच्या पडद्यावर उडू लागला. कायम आपटी खाणाऱ्या डोनाल्ड डकला इटलीतल्या मंडळींनी १९६९ साली मुखवटा चढवून रात्रीचा वीर केलं. १९८३ साली मार्व्हलने आपल्याच स्पायडर-मॅनची टर उडवत एक डुक्कर आणलं. मूळ गोष्टीत माणसाला कोळी चावतो. डुकराच्या जन्मकथेत बिचाऱ्या कोळ्यालाच डुक्कर चावतं आणि कोळ्याचं डुक्कर होतं. आता यात गंमत कशाची, हे एखाद्या पाच वर्षांच्या पोराला समजावून बघा. मूळ गोष्ट माहीत हवी, तिचा साचा ओळखता यायला हवा, आणि तो कुठे उलटा केलाय हे पकडता यायला हवं. तिन्ही जमलं तर हसू येतं. तुमचा मुलगा खिदळतो म्हणजे त्याला जमतंय. गंभीर सुपरहीरो छाती फुगवून येतो. हे कुत्रे-डुकरं-बदकं त्या फुगलेल्या छातीला टाचणी लावतात. मोठ्यांच्या रुबाबाखाली जगणाऱ्या साडेआठ वर्षांच्या जिवाला ही टाचणी प्रिय नसेल तरच नवल.

आणि प्राणीच का? मुलगा अजून बराच लहान आहे. धांदरट आहे, वस्तू सांडतो, त्याला नियम नीट कळत नाहीत. पोलिसाच्या गणवेशातला कुत्रा खलनायकाचा पाठलाग सोडून चेंडूमागे धावतो तेव्हा त्याला आपलाच भाऊबंद भेटतो. माणसाच्या मुलाने तसं केलं तर ती चूक असते, ओरडा बसतो. कुत्र्याने केलं तर तो स्वभाव. शेवटी जग तोच धांदरट कुत्रा वाचवतो, हे वीस वेळा वाचावंसं वाटलं तर मला त्यात काही बिघडलेलं दिसत नाही. त्या पुनर्वाचनाबद्दल एवढंच म्हणेन की पाठ झालेलं गाणं आपण पुन्हा का लावतो, ते आठवा. शिवाय लहान वाचकाचा वेग आणि धीटपणा अशा ओळखीच्या पानांवरच वाढतो.

आजोबांचा मुद्दा मला आवडला. प्राण्यांच्या गोष्टी असाव्यात, पण बोधाच्या असाव्यात. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि पंचतंत्राच्या पहिल्या तंत्राचा शेवट आठवायला सांगा. दमनक कोल्हा सिंह आणि बैल यांच्या घट्ट मैत्रीत चुगल्या करून विष कालवतो, सिंह त्या निरपराध बैलाला, संजीवकाला, ठार मारतो, आणि दमनक राजाचा मंत्री म्हणून मिरवतो. खलनायक साफ जिंकतो! विष्णुशर्म्याने ही कथा कुणासाठी रचली, तर अभ्यासाचा कंटाळा असलेल्या तीन राजपुत्रांसाठी. ज्यांच्यापुढे सगळे पंडित हरले त्यांना सहा महिन्यांत शहाणं करतो असं म्हणून त्याने प्राण्यांना बोलतं केलं. कोरडा उपदेश त्या मुलांच्या गळी उतरणार नाही हे त्याला आधीच कळलं होतं. तुमच्या मुलाच्या कॉमिक्सचं याच्याशी थेट नातं आहे असा माझा दावा नाही. पण आजोबा आणि नातू एकाच झाडाखाली बसलेत, फक्त पाठीला पाठ लावून, असं मला वाटतं.

कॉमिक्सने मुलं बिघडतात हेही आजचं नाही. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ साली अमेरिकेत याच आरोपाचं पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. पुढे वर्थमची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने ती तपासली आणि त्याने मुलांच्या मुलाखतींमधले तपशील सोयीने वाकवले होते हे २०१२ साली दाखवून दिलं. तोवर दोन पिढ्यांची कॉमिक्स घराघरांत जप्त होऊन गेली होती.

तुम्ही शी-शूच्या विनोदांबद्दल जरा चाचरतच लिहिलंय. मी स्पष्ट लिहिते. पादण्याचे विनोद या वयाच्या मुलांना आवडतात, कारण तिथे मोठ्यांची शिस्त एका आवाजात कोसळते. एक-दोन वर्षांत हा भर आपोआप ओसरतो. पुस्तकातला विनोद पुस्तकात किंवा मित्रात, जेवणाच्या ताटावर नाही, एवढा नियम पुरे. मात्र दुसऱ्या एका विनोदावर नजर ठेवा. हसू कुणावर येतंय? फुशारकी मारणाऱ्यावर, गर्विष्ठ खलनायकावर, स्वतःच्या फजितीवर येत असेल तर ठीक. एखाद्या जाड्या, तोतऱ्या किंवा काळ्यासावळ्या पात्राला नुसतं तसं असण्यावरून पानोपानी झोडपलं जात असेल, तर त्या पानावर थांबा आणि विचारा, "याला याचं काय वाटत असेल रे?" भाषण नको. एक प्रश्न विचारून पान उलटा. अशी पुस्तकंही बाजारात आहेत, सगळं सोनं नाही.

आता मला खटकलेली गोष्ट सांगते. रागावू नका. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्या कॉमिक्समधल्या एकाही पात्राचं नाव नाही. चिचुंद्री आणि मगर तुम्हाला नावानिशी माहीत आहेत, कारण ती वही तुम्ही वाचलीत. पण ज्यांना शिक्षा झाली त्यांतलं एकही पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही वाचलं नसावं, असा मला दाट संशय आहे. एक वाचा. त्याला विचारा, "मला पहिल्यांदाच वाचायचंय, कुठल्यापासून सुरू करू?" तो उत्तर द्यायला अर्धा तास घेईल. त्या अर्ध्या तासात तो कथानक सांगेल, पात्रांची तुलना करेल, कुठला भाग फसलाय तेही सांगेल. शाळेत याला पुस्तक-परीक्षण म्हणतात आणि त्याला गुण असतात.

वाचलंत की काही गोष्टी नव्याने दिसतील. उदाहरणार्थ, 'डॉग मॅन' ही मालिका २०१६ साली सुरू झाली. नायकाला पोलिसाचं धड आणि कुत्र्याचं डोकं. वरवर नुसता दंगा. पण त्यातला पीटी नावाचा खलनायक बोका पाहा. तो स्वतःची प्रतिकृती बनवायला जातो आणि हाती येतं एक गोड, प्रश्न विचारणारं पिल्लू. पुढच्या भागांमध्ये त्या पिल्लापायी तो दुष्ट बोका रडतखडत, मागे घसरत, बाप होत जातो. माणूस बदलू शकतो का, आणि किती वेळ लागतो, हा मोठ्यांच्या कादंबरीचा विषय तिथे बोक्याच्या मिश्यांखाली दडलाय.

त्या मालिकेचे लेखक-चित्रकार डेव्ह पिल्की यांना लहानपणी डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष एकाग्र न होणं, अतिचंचलपणा) होता. वर्गात गडबड केली म्हणून शिक्षक त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवायचे आणि ते तिथे बसून कॉमिक्स काढायचे. चड्डीतल्या सुपरहीरोवरची त्यांची आधीची मालिका १९९७ साली आली. तिच्यातल्या दोन खट्याळ मुलांनी काढलेल्या कॉमिक्समध्ये शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम ठेवल्या आहेत. अमेरिकन ग्रंथालय संघटना दरवर्षी सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांची यादी काढते. तिच्यात २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. तेव्हा लपवालपवी करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, हा दिलासाही घ्या.

नणंदेच्या सौद्याकडे वळू. 'एक खरं पुस्तक, मग एक कॉमिक.' ऐकायला चोख आहे आणि पहिले आठ दिवस चालेलही. पण यात आपण मुलाला नेमकं काय शिकवतो? जाड पुस्तक म्हणजे कारल्याचा रस आणि कॉमिक म्हणजे वरून मिळणारी साखर. मग तो पुस्तक उरकतो. पानं मोजतो. मी असे पानं मोजणारे वाचक पाहिलेत, त्यांचा डोळा मजकुरावर नसतो, कोपऱ्यातल्या आकड्यावर असतो. नणंदेचा हेतू चांगला आहे, पण हा सौदा नको. नियम करायचेच तर वेळेचे करा, पुस्तकांचे नकोत. झोपायची वेळ झाली की दिवा बंद, मग हातात कॉमिक असो की कोश. जेवताना काहीच नाही, मोठ्यांचा मोबाइलसुद्धा नाही. (हे कलम सगळ्यात आधी कोण मोडतं ते बघा.)

मग जाड पुस्तकांचं काय? त्यांची हौस सोडा असं मी म्हणत नाही. लांब पल्ल्याचं गद्य वाचता येणं ही वेगळी ताकद आहे आणि ती कॉमिक्समधून आपोआप येत नाही, हे शिक्षिकेचं खरं आहे. पण ती आणायची कशी? माझ्या अनुभवात सगळ्यात हमखास उपाय म्हणजे मोठ्यांनी वाचून दाखवणं. साडेआठ हे वय त्यासाठी मोठं नाही. रात्री पंधरा मिनिटं, तुमच्या आवाजात, चित्रं नसलेलं पण खळखळून हसवणारं पुस्तक. प्रकरण रंगात आलं की बंद करा. पुस्तक उशाशी ठेवा आणि विसरल्यासारखं करा.

दुसरी वाट अर्ध्या चित्रांच्या, अर्ध्या मजकुराच्या पुस्तकांची. अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक २०१४ साली ज्या कादंबरीला मिळालं तिची नायिका कॉमिक्सवेडी मुलगी आहे आणि नायक खार. ही खार व्हॅक्यूम क्लीनरमध्ये ओढली जाते, वाचते, तिला अचाट बळ येतं आणि ती टाइपरायटरवर कविता करू लागते! मधूनमधून कॉमिकची पानं आहेत, बाकी सगळं गद्य. केट डिकॅमिलो यांचं 'फ्लोरा अँड युलिसिस'. प्राणी-सुपरहीरो हा विषय 'खऱ्या' पुस्तकाला वर्ज्य नाही, हे शिक्षिकेला सांगायला हा दाखला आकड्यांपेक्षा बरा. पुढे २०२० साली तर हेच पदक पहिल्यांदा एका पूर्ण चित्रकादंबरीला मिळालं.

तिसरी वाट मला स्वतःला सगळ्यात आवडते आणि ती तुमच्या मुलाने आधीच धरली आहे. चिचुंद्रीचा वास. त्याला नव्या नायकांची भरती करायची असणार, तर त्याला निसर्गातले खरे अचाट प्राणी दाखवा. बॉम्बार्डियर भुंगेरा पोटात दोन रसायनं वेगळी साठवतो, संकट आलं की एकत्र करतो आणि जवळजवळ उकळत्या पाण्याइतका गरम फवारा शत्रूवर मारतो. ॲक्सोलोटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचर प्राण्याचा पाय तुटला तर नवा उगवतो. जलअस्वल नावाचा सुईच्या टोकाएवढा आठ पायांचा जीव २००७ साली अवकाशात उघड्यावर ठेवला होता, त्यातले काही जिवंत परतले. हे सगळं ज्या पुस्तकांत आहे ती जाड आहेत, त्यांत परिच्छेद आहेत, अवघड शब्द आहेत. पण जलअस्वलाला खलनायक करायचं ठरलं की तो मुलगा ते परिच्छेद चावून खाईल. "पुढच्या भागासाठी माहिती" म्हणून पुस्तक आणा, "आता हे वाच" म्हणून नको.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही लिहिलंय की शाळेतले धडे तो हळू वाचतो. हे नुसतं आवडीचं प्रकरण आहे की अडचणीचं, ते पत्रावरून ठरवता येत नाही, पण घरी अंदाज घेता येतो. त्याच्यासाठी अगदी नवं असलेलं कॉमिक घ्या, चित्रावर हात ठेवा आणि फक्त फुग्यातला मजकूर मोठ्याने वाचायला सांगा, खेळ म्हणून, बोक्याच्या आवाजात. सहज वाचला तर काळजी नको. अडखळत असेल, चित्र पाहून शब्दांचा अंदाज बांधत असेल, ओळ सुटत असेल, थोड्या वेळात डोकं दुखतं म्हणत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या आणि मग शिकण्यातल्या अडचणी ओळखणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. अशा मुलांना कॉमिक्स का जवळची वाटतात हे उघड आहे : मजकुराचे तुकडे लहान, चित्राचा आधार, आणि चुकलं तरी गोष्ट हातची जात नाही. त्यांच्याकडून कॉमिक काढून घेणं म्हणजे लंगडणाऱ्याची काठी काढून 'आता चाल' म्हणणं.

थोरल्या मुलीशी तुलना चालू असेल तर ती तेवढी थांबवा. तिला मात्र एकदा गुपचूप विचारा की भावाच्या पुस्तकांपैकी तिने किती वाचलीत. उत्तर ऐकून तुम्हाला नवल वाटेल असा माझा अंदाज आहे.

इतर वाचकांसाठी चार ओळी, कारण या धर्तीची पत्रं बरीच येतात. एका आजींना चार वर्षांच्या नातवासाठी असं कॉमिक घ्यायचंय. एवढ्या लहान मुलाला चौकटींचा क्रम लागत नाही. मांडीवर घेऊन, बोटाने चौकट दाखवत वाचा, आणि पानावर तीन-चारच मोठ्या चौकटी असलेलं निवडा. "मुलीसाठी हे चालेल का" असंही विचारलं जातं. मला प्रश्नच कळत नाही. आणि तेरा वर्षांचा मुलगा अजून हीच वाचतो म्हणून जे बाबा धास्तावलेत, त्यांनी तो सोबत आणखी काय वाचतो ते बघावं. दुसरं काही वाचत असेल तर हा त्याचा विसावा आहे. काहीच वाचत नसेल, तर दोष कॉमिकला देण्याआधी घरात बाकीची माणसं त्याला कधी काय वाचताना दिसतात, तेही आठवून बघावं.

तर ताई, आज संध्याकाळी स्टूल घ्या आणि वरचा खण उघडा. शक्य असेल तर त्याच्या देखत. त्याच्या वहीत गोष्ट अकराव्या पानावर अडकली आहे असं तुम्ही लिहिलंय : मगरीने चिचुंद्रीला गिळलंय, आणि पोटात, अंधारात, ती सगळ्या गिळलेल्या पुस्तकांच्या ढिगावर बसली आहे. पुढचं त्याला सुचत नाहीये. त्याला सांगा की मगरी खरोखरच दगड गिळतात आणि ते पोटात तसेच पडून राहतात. म्हणजे तिथे बसायला जागा आहे, पुस्तकं आहेत, फक्त दिवा नाही. आणि मगरीच्या बाजूने तुम्हाला एक संवाद सुचवायचा असेल तर परवानगी मागून सुचवा. वही त्याची आहे. माझ्या मते मगरीला आता एक दणदणीत ढेकर यायला हरकत नाही. बारावं पान झालं की कळवा.